अलिबागला एक दिवस: आधी तिथी बघा, मग बोट

माघ संपत आला की मुंबईत एक विचित्र आठवडा येतो. सकाळी अजून गारवा असतो, दुपारी पंखा दोनवरून चारवर जातो, आणि सोसायटीतल्या आंब्याचा मोहोर गाड्यांच्या टपावर पडायला लागतो. थंडी गेली, उन्हाळा अजून दारात उभा आहे, असे हे तीनेक आठवडे. समुद्रावर एक दिवस जाऊन यायचं तर तो याच दिवसांत. मार्च अर्धा उलटला की खारे वारे एखाद्या दिवशी उशिरा सुटतात आणि पारा अडतिसाच्या वर जातो. मग वाळूवर उभं राहणं म्हणजे शिक्षा.

हा लेख पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे. ज्यांचं नागावात स्वतःचं घर आहे त्यांनी पुढे सरकावं. मी मुंबईहून बोटीने अलिबाग, एवढाच बेत सांगणार आहे, कारण एका दिवसात शांतपणे होतो तो एवढाच. काशीद अलिबागपासून अजून तीस किलोमीटर, मुरूड-जंजिरा त्याच्याही पुढे. ‘आलोच आहोत तर तेही करू’ म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला बोटीतून उतरल्या उतरल्या, मांडव्यालाच चहा पाजून गप्प करा.

तारीख कशी ठरवायची

बहुतेक लोक रविवार बघून तारीख ठरवतात. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. नेमकी पौर्णिमा होती. अलिबागसमोर समुद्रात कुलाबा किल्ला आहे, ओहोटीला तिथे चालत जाता येतं. साडेअकराला किनाऱ्यावर पोचलो तर किल्ला चारी बाजूंनी पाण्यात आणि आम्ही भेळेच्या गाडीपाशी. आत्याने विचारलं, “मग चालत कुठून जायचं?” शेजारचा घोडागाडीवाला हसला आणि म्हणाला, “संध्याकाळी या, आत्याबाई. आता समुद्राची पाळी आहे.” संध्याकाळी आमची परतीची बोट होती.

तेव्हापासून मी आधी कालनिर्णय उघडतो. कोकणात एक जुना हिशेब आहे: त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिला पाऊणने गुणा. जो आकडा येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, फरक नाही. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती. भरती दिवसातून दोनदा येते, त्यामुळे पहाटेही तीनच्या सुमारास आणि दुपारीही. दोन भरतींच्या मधोमध ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास पाणी सगळ्यात मागे. कोळी लोक तिला सुकती म्हणतात. हिशेब अर्ध्यापाऊण तासाने इकडेतिकडे होतो. पण तारीख निवडायला तो पुरतो, आणि तारीख ठरली की नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा मोबाइलवर बघून घ्यायची.

आता मुंबईहून निघणाऱ्याला सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान ओहोटी हवी. म्हणजे चतुर्थी, पंचमी, षष्ठी. या तीन तिथी सगळ्यात सोयीच्या. उशिरा उठणाऱ्यांसाठी दुसरी जोडी आहे: एकादशी, द्वादशी. तेव्हा भरती सकाळी सव्वाआठ-नऊला आणि ओहोटी दुपारी दोन-तीनला. किल्ला दुपारी करावा लागतो, ऊन लागतं, पण जमतं.

सप्तमी ते नवमी मी टाळतो. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी असतं: भरती फार चढत नाही, तसं ओहोटीलाही पाणी फार मागे हटत नाही. किल्ल्याच्या वाटेवर गुडघाभर राहिलंच तर घोडागाडी करावी लागते. पौर्णिमा-अमावास्येला बरोब्बर उलटं, उधाण. तेव्हा पाणी साडेचार मीटरपर्यंत चढतं आणि ओहोटीला लांबवर आटतं, पण भरती भर दुपारी बारा वाजता आणि ओहोटी सकाळी सहा, संध्याकाळी सहाला. एका दिवसात येणाऱ्याच्या काही कामाची नाही. होळीच्या दिवशी जाऊ नका हे मी गर्दीमुळे सांगणारच होतो, पण होळी पौर्णिमेलाच असल्यामुळे समुद्रही तेच सांगतो. आणखी एक खोच म्हणजे वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, त्यामुळे त्या दिवशी वाटेवर रांग लागते. भाविक असाल तर उत्तम, शांतता हवी असेल तर पंचमीला जा. शक्यतो कामाच्या दिवशी. एक रजा गेली तर गेली.

बोट

गेटवेहून मांडव्याला साध्या बोटी (कॅटामरान म्हणतात त्या) जातात. साधारण तासाभराचा प्रवास. तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचं भाडं धरलेलं असतं, हे बऱ्याच नवख्यांना माहीत नसतं आणि ते मांडव्याला रिक्षावाल्याशी घासाघीस करत बसतात. ज्या कंपनीची बोट, तिचीच बस. तिकीट फेकू नका. काही बोटींवर वरच्या डेकला थोडे जास्त पैसे घेतात. ते द्या.

पहिली बोट सकाळी सहाच्या पुढे सुटते. वेळा बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी एकदा तपासा. चतुर्थीचा बेत असेल तर पहिलीच बोट पकडा, षष्ठीला सातसाडेसातची चालेल. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून गेटवे अर्ध्या तासाची चाल आहे, आणि पहाटेचा फोर्ट बघायला मिळतो तो वेगळाच. सकाळच्या बोटीचा दुसरा फायदा पोटाला. रात्रभर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्याला मतलई म्हणतात. सकाळी तो मंद असतो आणि पाणी तेल ओतल्यासारखं असतं. अकरा-बारानंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि बोट हलायला लागते. ज्यांना बस लागते त्यांना बोटही लागते. त्यांनी जाताना निवांत आणि येताना आल्याची वडी, असं ठरवून घ्यावं. बसायची जागा बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर, नजर क्षितिजावर.

गाडी न्यायचीच असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, मार्च २०२० पासून. लहान मुलं, म्हातारी माणसं, भरपूर सामान असेल तर ठीक. नाहीतर गाडी म्हणजे पार्किंगची चिंता समुद्रापार नेणं. पावसाळ्यात साध्या बोटी बंद असतात, आता तो प्रश्न नाही.

या दिवसांत बोटीमागे कुरव पक्षी लागतात. उत्तरेकडून हिवाळ्यासाठी आलेले, मार्चमध्ये परत निघालेले. बोटीवर कोणीतरी शेवेचं नाहीतर वेफर्सचं पाकीट फोडतंच आणि मग वीसपंचवीस पांढरे पंख कठड्यापाशी तरंगत राहतात, पिवळीलाल चोच, पाय पोटाशी घेतलेले, डोळा तुमच्या बोटांवर. दिसतं सुंदर. पण हजारो मैल उडायच्या तयारीतल्या पाखराला तळलेली शेव हा शिधा नाही. फोटो काढा, पाकीट पिशवीत ठेवा.

मांडवा ते अलिबाग बसने पाऊण तास, वीसेक किलोमीटर. डावीकडे खिडकी मिळाली तर कनकेश्वराचा डोंगर दिसतो आणि उतारावर कुठे कुठे पळस, पांगारा, काटेसावर. पानं नाहीत, नुसती लाल-केशरी फुलं. उजवीकडे थळ, किहीमचे फाटे. किहीम म्हणजे जिथे सालिम अलींनी १९३० साली सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा अभ्यास केला ते गाव. उतरू नका, आज किल्ला आहे.

आधी जेवण सांगा

अलिबागला उतरल्यावर पहिलं काम नाश्ता आणि दुसरं काम, जे लोक विसरतात, दुपारचं जेवण सांगून ठेवणं. घरगुती खाणावळीत माशांचा अंदाज सकाळच्या बाजारावर असतो. साडेबाराला अचानक आठ जण उभे राहिलात की तुमच्या ताटात काल परवाचं काहीतरी येतं. मी असं करतो:

“मावशी, चार जण. तीन सुरमई, एक शाकाहारी. साडेबाराला येतो.”

“भाकरी की चपाती?”

“भाकरी. बोंबील आहेत?”

“बघते. आले तर ठेवते.”

इतकंच. भाव याच वेळी विचारायचा. विशेषतः पापलेटचा, कारण पापलेट आकारावर असतो आणि बिल आल्यावर चेहराही त्याच आकाराचा होतो. तांदळाची भाकरी, कुरकुरीत बोंबील, सोलकढी, एवढं असलं की बाकी काय आहे ते मी बघत नाही. शाकाहारी माणसाची उपेक्षा होते ही खरी गोष्ट आहे. पण या दिवसांत त्याला ओल्या वालाची उसळ मिळू शकते, ती मुद्दाम विचारा. भातकापणीनंतर पेरलेला वाल आता शेंगांवर असतो. याच शेंगा मडक्यात भरून, भांबुर्डीचा पाला घालून, भोवती जाळ करून इथे पोपटी लावतात. ती रात्रीची, शेतावरची मजा. एका दिवसाच्या पाहुण्याला ती मिळत नाही. ओळख वाढवा.

किल्ला

एसटी स्टँडपासून किनारा पंधरा-वीस मिनिटं चालत. वाळू काळपट आणि टणक, चपला काढून चालायला छान. समोर दीडेक किलोमीटरवर किल्ला. तक्त्यात ओहोटीची जी वेळ असेल तिच्या तासभर आधी वाटेला लागा, म्हणजे पाणी तुमच्या पुढे पुढे मागे सरकत असतं. आणि ओहोटीच्या वेळेनंतर तासाभरात परत वाळूवर. हा नियम मोडू नका. भरती सुरू होते तेव्हा पहिला तास काहीच होत नाहीसं वाटतं, डबकी तशीच, वाट तशीच. खरा जोर तिसऱ्या-चौथ्या तासाला असतो, तेव्हा बघता बघता पोटरीचं पाणी मांडीला येतं. अडकलेल्या मंडळींना बोटीने काढावं लागतं, आणि ते कधीमधी होतच असतं. शंका आली तर तिथल्या घोडागाडीवाल्यांना विचारा. त्यांच्या घोड्यांना पाणी कळतं.

पायात काय? बूट नकोत. उघडे पायही नकोत, आणि हे मी अनुभवाने सांगतो. वाटेत खडकांचे पट्टे आहेत आणि त्या खडकांना कालवं चिकटलेली असतात. वरचं शिंपलं कोळिणी कोयत्याने उडवून आतलं मांस काढून नेतात. खालचं अर्धं खडकावर राहतं, ब्लेडसारखं. दिसायला राखाडी, निरुपद्रवी. पाय घसरला, हात टेकला की तळव्यावर बारीक लाल रेघ आणि मिठाच्या पाण्याची झोंबणी. मागे पट्टा असलेल्या, भिजल्या तरी चालतील अशा सँडल घाला. सपाता चिखलात रुततात आणि तुटतात. माझी एक अजून तिथे आहे.

किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी मार्च १६८० मध्ये सुरू करवलं, म्हणजे त्यांच्या निधनाच्या जेमतेम काही दिवस आधी. याच फाल्गुन-चैत्राच्या हवेत. पुढे तो आंग्र्यांचं मुख्य आरमारी ठाणं झाला. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले, त्यांची समाधी अलिबाग गावात आहे. आत जाण्याआधी तटाला हात लावून बघा. मोठमोठे दगड नुसते एकमेकांवर रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आली की पाणी फटींत शिरतं, तिचा जोर तिथेच विरतो. भिंत लाटेशी भांडत नाही, म्हणून उभी आहे. दार आतमध्ये वळलेलं आहे, तिकीट तिथेच काढतात.

आत सिद्धिविनायकाचं देऊळ, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं, गणेश पंचायतन. शेजारी गोड्या पाण्याची पुष्करणी. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये गोडं, हे मुलांना दाखवाच. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत. त्यांच्यावरची अक्षरं वाचा: यॉर्कशरच्या कारखान्याचं नाव आणि १८४९ साल. म्हणजे आंग्र्यांच्या नव्हेत, इंग्रज आल्यानंतरच्या. तरी दर वेळी कोणीतरी बाप मुलाला तिथे उभं करून ‘ही कान्होजींची तोफ’ असं सांगत असतो, आणि मी गप्प बसतो.

एक तास पुरे. सावली फार नाही, पाण्याची बाटली बरोबर घ्या आणि रिकामी बाटली बरोबरच परत आणा.

नाव ऐकून गोंधळ होणाऱ्यांसाठी: हा कुलाबा आणि मुंबईचा कुलाबा वेगळे. रायगड जिल्ह्याचं नावही १९८१ पर्यंत कुलाबाच होतं. दोन कुलाब्यांमध्ये एक मजेशीर धागा आहे. मुंबईच्या कुलाब्यात पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा होती. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर मोजमाप बिघडणार हे उघड होतं, म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला आलं. ती वेधशाळा आजही किनाऱ्याजवळच आहे. मुंबईच्या गडबडीतून सुटायला अलिबागला येणारे आपण काही पहिले नाही.

दुपार

जेवण झालं की अलिबागच्या मुख्य किनाऱ्यावर थांबू नका. दुपारी तिथे उंट, बाइक आणि लाउडस्पीकर असतो. रिक्षा करून खाडीपलीकडे आक्षीला जा, पाचसहा किलोमीटर. जाताना येण्याची वेळही ठरवून घ्या, रस्त्यावर रिक्षा मिळेलच असं नाही. सुरूचं बन आहे, त्यात चादर पसरा आणि काहीही करू नका. वारा आता समुद्राकडून सुटलेला असतो आणि सुरूच्या पानांतून त्याचा आवाज पावसासारखा येतो. कोळीवाड्याच्या बाजूला बांबू आडवे बांधून त्यावर बोंबील वाळत घातलेले दिसतील, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने. वास येणारच.

पाण्यात शिरायचं असेल तर गुडघ्यापर्यंत, सोबत असताना, आणि जेवल्यावर लगेच नाही. भरती पूर्ण झाली की परतीचं पाणी पायाखालची वाळू ओढतं. तेव्हा बाहेर या. याहून जास्त मी लिहीत नाही, कारण ज्यांना ऐकायचं नाही ते ऐकत नाहीत.

आक्षीच्या रस्त्यालगत एक शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक मानला जाणारा, शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२. साल नेमकं कोणतं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पाच मिनिटं थांबा. आपण जी भाषा बोलून रिक्षावाल्याशी वीस रुपयांसाठी वाद घातला, तिचाच तो पूर्वज. अक्षरं झिजली आहेत, वाचता येत नाहीत, तरी बोट फिरवायचा मोह होतो. फिरवू नका.

परत

परतीची बोट सकाळीच नक्की करा आणि बस त्याच्या सव्वा-दीड तास आधीची धरा. शेवटच्या बोटीच्या भरवशावर राहू नका, एक आधीची पकडा. सूर्य या दिवसांत पावणेसातच्या आसपास बुडतो. पाचच्या बोटीने निघालात तर मावळता बघायला मिळत नाही, पण उतरतं ऊन पाण्यावर तासभर मिळतं. आम्ही एकदा सूर्यास्तासाठी थांबलो, बोट चुकली आणि एसटीने पेण-पनवेल करत घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजले. वडखळच्या आसपास गाडी इतका वेळ उभी होती की डबा उघडून लोक जेवले. त्या सूर्यास्ताचा एकही फोटो नीट आलेला नाही.

बसपर्यंत जाताना कांद्याची माळ घ्या. अलिबागचा पांढरा कांदा याच दिवसांत शेतातून निघतो, रस्त्याकडेला बायका माळा लावून बसलेल्या असतात. त्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून भावही वर गेला आणि नकलाही वाढल्या. खरा कांदा मध्यम, थोडा चपटा, मान बारीक, आणि पातीची वेणी विणून माळ केलेली. सुटे, मोठे, गोल गरगरीत पांढरे कांदे ‘अलिबागचेच’ म्हणून कोणी दिले तर मोबाइल काढून वेळ बघा आणि पुढे चला. मावशींना एक कापायला सांगा. डोळ्यांत पाणी आलं नाही आणि नुसता खाल्ला तरी गोडसर लागला की घ्या.

आता माळ अजून ओलसर असते, त्यामुळे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, कापडी पिशवीत तोंड उघडं ठेवून न्या. बोटीत मांडीवर घेतलीत तर शेजारचा भाव विचारेल आणि तुम्ही दहा रुपये कमी करून सांगाल. घरी सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी टांगा, आणि कांदे खालच्या टोकापासून काढायला सुरुवात करा. मधूनच ओढलात तर वेणी सुटते आणि रात्री स्वयंपाकघरात एकेक कांदा टपटप पडत राहतो.